बगळ्याची इमारत

"आज मला घ्यायला ये, माझी स्कूटर बंद पडलीय," बायकोने फोनवर सांगितलं आणि वास्तुकाराला ऐनवेळी एकही सबब सुचेना.

तिची नोकरी सुरू झाल्यापासून त्याने तिच्या ऑफिसच्या रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं. इमारत बगळ्याची होती. बगळा म्हणजे त्याचा कॉलेजातला दोस्त. उंच, वाकलेला, परीक्षेत ह्याच्याच पेपरात डोकावणारा. बंद गोदामांच्या त्या ओसाड भागात पुन्हा जीव यावा म्हणून नगरपालिकेने एका देखण्या ऑफिस-इमारतीसाठी स्पर्धा ठेवली, तेव्हा दोघांनीही आराखडे दिले. बगळ्याचा निवडला गेला. आणि बायकोला हिशेबनिसाची नोकरी मिळाली तीही नेमकी तिथेच! तेव्हापासून रोज रात्री तेच पुराण : उजेड काय सुंदर येतो, वारा कसा खेळतो. परक्या पुरुषाचं कौतुक ऐकावं तसा तो मान खाली घालून घास गिळायचा.

गाडी लावून तो खोट काढायलाच निघाला. बगळ्याने इमारतीच्या पोटातून आरपार रस्ता काढला होता. मागच्या वस्तीतली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन तिथून बिनदिक्कत ये-जा करत होती. पूर्वी जिथे दिवसाढवळ्या कुणी फिरकत नसे तिथे आता न्हावी होता, शिंपी होता, पायऱ्यांवर म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. एका भिंतीला ओल दिसली. त्याला बरं वाटलं. जवळ जाऊन बघतो तर वरच्या कुंड्यांना कुणीतरी नुकतंच पाणी घातलेलं.

वर बायको त्याचीच वाट बघत होती. "हा माझा नवरा," तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगितलं. "हाही इमारतींचे नकाशे काढतो."

तो 'ही' त्याला झोंबला.

"खाली फार वर्दळ आहे," तो म्हणाला. "ऑफिस आहे की बाजार?"

"म्हणून तर उशीर झाला तरी भीती वाटत नाही."

शेजारीण निघून गेली. बायको टेबलाशी उभी राहून बाहेर बघत होती. गोदामांच्या पत्र्यांवर ऊन उतरलं होतं.

"तुझी इमारत झाली असती तर मी कुठे बसले असते रे?"

त्याला लख्ख आठवलं. दर्शनी बाजू त्याने साहेबांना आणि पाहुण्यांना दिली होती. हिशेबवाले मागे, लिफ्ट आणि संडासांच्या मधे, दिवसाही दिवे लावावे लागतील अशा खोलीत.

"अशीच, खिडकीपाशी," तो म्हणाला.

ते नकाशे वर्षभर घरच्या टेबलावर पसरलेले असायचे, आणि ताटं मांडण्याआधी ते उचलून ठेवायचं काम तिचंच होतं.

तिने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"मग बस की जरा."