दोनशे तासांची तार

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी मुलाने स्पीकरच्या महागड्या तारा आणल्या आणि म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. त्याची चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करण्यात गेली होती.

"तांबं ते तांबं. याला काय सोनं लागलंय?"

"दुकानदार म्हणाला, तार मुरावी लागते. दोनशे तास वाजवली की आवाज मोकळा होतो."

"दुकानदाराची जीभच मुरलेली दिसतेय."

पैज लागली. दोनशे तास भरले की म्हाताऱ्याने डोळे मिटून बसायचं. सुनेने पडद्याआड हवी ती तार जोडायची, जुनी किंवा नवी. कानाने नवी ओळखली, तर म्हाताऱ्याने सगळ्या गल्लीसमोर हार मानायची.

मुलाने रजा काढलेलीच होती. सकाळपासून गाणी सुरू. तास झाला की दारावर खडूची एक रेघ. दिवसाला आठ.

डॉक्टर एक दिवसाआड येत. आतल्या खोलीत बापलेकांशी थट्टामस्करी करत.

"किती दिवस?" चौथ्या दिवशी सुनेने त्यांना दारात विचारलं.

"पंधरा धरा. जास्त नको."

तिने रेघा मोजल्या. बत्तीस. अजून एकवीस दिवस लागणार होते. त्या दिवसापासून तिचा पाय एका जागी ठरेना. दूध उतू गेलं, इस्त्रीने बाही जळली.

"आजच उरकून टाका ना ती पैज," ती म्हणाली.

"खरंच उरका," म्हातारा म्हणाला. "मला नाही दम निघत."

"बाबा, तारेला घाई चालत नाही," मुलगा म्हणाला.

दुपारी त्याचा डोळा लागला की ती हळूच चार रेघा जास्त ओढू लागली. एकदा गेली, तर खडू जागेवर नव्हता. भिंतीला धरून म्हातारा दाराशी उभा. बोटं पांढरी.

"मामंजी, तुम्हीसुद्धा?"

"हळू बोल, जाग येईल त्याला. आणि तुझ्या रेघा फार सरळ येतात. जरा वाकड्या काढ."

आणखी दहा दिवसांत दोनशे भरले. मुलाने दाराकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "चला, बसा डोळे मिटून."

गाणं लागलं. पडद्यामागे सुनेने तार काढली, जोडली. म्हाताऱ्याने मान तिरकी केली.

"ही नवी. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतोय रे. हरलो मी. तार मुरते."

"खोटं नाही ना बोलत, बाबा?"

"चाळीस वर्षं या कानांवर घर चाललंय."

मुलगा उशीला टेकून मनापासून हसला. सुनेने हातातली नवी तार पडद्यामागेच खाली ठेवली.

पुढच्या सोमवारी, सकाळी सव्वानऊला, मुलगा वारला.