बारा वाजून वीस मिनिटं

लग्न साडेअकराचं होतं. अकरा वाजून गेले तरी मोताळ्याहून वऱ्हाड निघालं नव्हतं. रोहिणखेडला विहारासमोरचा मांडव भरला होता, बौद्धाचार्य येऊन बसले होते. शेवटी नवरी धम्मशीलाने स्वतःच नवरदेवाला फोन लावला.

“आजी जीपसमोर बसली,” प्रसेनजित कुजबुजला. “कोनालेच हलू देऊन नाही राह्यली.”

“काऊन?”

“मोबाइलवर पाह्यलं तिनं. आज बारा वीसले सूर्याचं वादळ येते म्हने, अन् पृथ्वी खतम.”

धम्मशीला शाळेत विज्ञान शिकवायची. तिला आधी हसू आलं, मग राग आला. तिने पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि स्कूटीची किल्ली घेतली.

“नवरीनं जायचं असते काय?” तिचे वडील पंजाबराव म्हणाले.

“त मंग कोनं जायचं, बाबा?”

पंजाबरावांनी चपला घातल्या. ते स्कूटीवर तिच्या मागे बसले.

मोताळ्यात फुलांनी सजवलेल्या जीपसमोर पोतं अंथरून बेबीताई बसल्या होत्या. डोक्यावर छत्री, अंगावर नवं कोरं लुगडं. आईविना वाढलेल्या प्रसेनजितला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. वऱ्हाडी सावली धरून उभे होते. त्यातल्या निम्म्यांनी तोच व्हिडिओ पाहिला होता.

“जयभीम, आजी,” म्हणत धम्मशीला त्यांच्याजवळ टेकली.

“तू काऊन आली व उनात?” बेबीताईंनी तिला ओढून छत्रीत घेतलं.

“असे वादळं येतच राह्यतात, आजी. मागं आलतं तवा लडाखात आभाळ लाल झालं. लोकायनं फोटो काढले. आपल्याले पत्ताबी नाही लागला.”

“मंग तो मोबाइलातला मानूस खोटं बोलते काय? कोट घातला होता त्यानं.”

पोरांना सूर्यावरचे डाग समजावणं सोपं होतं. या कोटाचं काय करावं, ते धम्मशीलाला कळेना.

“बरं, खरं धरू,” ती म्हणाली. “आज जग बुडालंच, त तुमच्या नातवाचं लग्न झालेलं बरं का राह्यलेलं?”

बेबीताईंनी मान वळवून प्रसेनजितकडे पाहिलं. नव्या झब्ब्यात तो घामाने भिजून उभा होता. बराच वेळ त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी छत्री मिटली आणि हात पुढे केला.

“उठव मले. पन मी तुह्याच गाडीवर बसीन. ते जीप लय हळू चालते.”

असं वऱ्हाड रोहिणखेडने कधी पाहिलं नव्हतं. पुढे स्कूटीवर नवरी, तिच्या कमरेला मिठी मारून आजेसासू, मागे नवरदेवाची जीप आणि जीपमध्ये नवरीचा बाप. बॅण्डवाले आधी वाजवायचंच विसरले आणि मग असे वाजवायला लागले की थांबेचनात.

बुद्धवंदना अर्ध्यावर आली आणि वीज गेली. माइक बंद, कूलर बंद. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मांडवात कोणी हललं नाही. बेबीताईंनी डोळे गच्च मिटले.

बौद्धाचार्य क्षणभर थांबले, मग माइकशिवायच म्हणू लागले. एकेक करून सगळा मांडव त्यांच्या मागे म्हणू लागला. आवाज इतका वाढला की रस्त्यावरून जाणारी एसटी थांबली आणि प्रवासी खिडकीतून पाहू लागले. नवरा-नवरीने एकमेकांना हार घातले. चहूकडून फुलांच्या पाकळ्या उडाल्या आणि मूठभर बेबीताईंच्या डोक्यावर पडल्या.

त्यांनी एक डोळा उघडला. “झालं काय व?”

“झालं, आजी.”

त्यांनी दुसराही डोळा उघडला. मांडव जागेवर होता. प्रसेनजित हसत होता.

“मंग पंगत बसवा ना बापा,” बेबीताई म्हणाल्या. “भेवानं कालपासून काई खाल्लं नाही मी.”