एकशे तेरा मतं

मुंबईच्या एका संस्थेने २००७ साली वेबसाइटवर स्पर्धा लावली, ज्या गावाला सर्वांत जास्त मतं पडतील त्या गावाला बोअरवेल. टोकावड्याजवळच्या पाड्यातल्या कमळूने हे फारच मनावर घेतलं, कारण ओढ्यातून हंडा वर आणताना त्याची बायको गुणाबाई घसरली होती आणि तिचा पाय काही सरळ झाला नव्हता.

जीपच्या सहा फेऱ्या करून त्याने अख्खा पाडा मुरबाडला नेला. तिथे साईनाथच्या सायबर कॅफेत चालू कॉम्प्युटर एकच, त्यामुळे रांग पार रस्त्यापर्यंत गेली. कोणी दोनदा बटण दाबू नये म्हणून कमळू जातीने काठी घेऊन कॉम्प्युटरपाशी उभा राहिला.

"गुणे, तू सकाळीच दाबलंस ना गो? मंग हो बाजूला. लबाडीचं पाणी आपल्याला नाय पायजे."

"माझ्या बापाला वय सांगताना कुठं गेला होता तुमचा हा खरेपणा?" गुणाबाई म्हणाली, पण लंगडत बाजूला झाली.

दिवस मावळेपर्यंत एकशे तेरा माणसांची एकशे तेरा मतं पडली, दुसऱ्या नंबरच्या गावाची गाडी चाळिसावरच अडली होती. कमळूने परतताना बोअरवेलची जागासुद्धा ठरवून टाकली, आपल्या दारापासून वीस पावलांवर.

पंधरा दिवसांनी निकाल लागला, तो साईनाथने त्याला वाचून दाखवला.



"एकाच कॉम्प्युटरवर बसून एकशे तेरा मतं टाकणाऱ्या त्या लबाड इसमाचा आम्ही निषेध करतो, त्याचं गाव स्पर्धेतून कायमचं बाद."