टेपकडे वळलेले गुलाब

सायखेड्याच्या मोतीरामाने नाशिक रोडवरून एक कॅसेट आणली. व्हायोलिनच्या साथीने संथ लयीत म्हटलेली स्तोत्रं होती. गाण्याने फुलं जोमात येतात, असं त्याला कृषी प्रदर्शनात कुणीतरी सांगितलं होतं. मग रोज सकाळी तो पॉलिहाऊसमध्ये टेप लावून ठेवू लागला.

आठव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की सगळे गुलाब टेपकडे तोंड करून उभे आहेत.

त्याने टेप उचलून समोरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. जेवून परत येतो तर सगळी फुलं त्या कोपऱ्याकडे वळलेली! मोतीरामाला भलतीच गंमत वाटली. त्याने बायकोला, अंबूबाईला, बोलावून खुणेनेच ते दाखवलं. दहा वर्षांपूर्वी तापात तिचे कान गेले होते.

"म्हंजी फुलांना ऐकू येतं, अन् मलाच नाय व्हय!" अंबूबाई हसली आणि फुलं कापायला वाकली.

तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली, लाईट गेली. स्तोत्र अर्ध्या ओळीवर तुटलं.

आता फुलं कुठं बघतील? मोतीराम श्वास रोखून उभा राहिला. आत वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी एकेक करत सगळे गुलाब अंबूबाईकडे वळले.

तिचे ओठ मिटलेले होते. मोतीराम हलक्या पावलांनी तिच्यामागे गेला आणि त्याने तिच्या पाठीला कान लावला.

आत, व्हायोलिनच्या साथीने, राहिलेली अर्धी ओळ पुरी होत होती.