सरक गं माय

सरजाबाई गेली तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची होती. किनवटच्या जंगलात, लाकूडतोडीच्या तळावर तिचं बालपण गेलं. ताडकळसला नांदायला आल्यावर लोकांच्या शेतात राबून तिनं चारही लेकरं शिकवली. पार म्हातारपणीसुद्धा चुलीतल्या धुराच्या वासावरून ती लाकूड कुठलं ते सांगायची.

शेवटचे तीन दिवस मात्र ती खाटेवरून एकच ओरडत राहिली, "सरक गं माय, सरक!" थोरली लेक दैवशाला उशाशी बसलेली असायची. माय आपल्यालाच म्हणायलीय असं समजून ती दर वेळी लांब सरकायची. शेवटी मायला मी नकोशी झाले, हे तिच्या मनातून जाईना.

सरजाबाईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिची तळावरची बालमैत्रीण भागुबाई आली. दैवशालानं रडत रडत तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता म्हातारीचा चेहरा उतरला.

"तुला न्हाई गं बाई, ती तिच्या मायला म्हणत होती. साग अंगावर पडून गेली ना तुझी आजी."

"आजी तर तापानं गेली!"

"असं सांगितलं व्हय तिनं तुमाला?"

दैवशालानं विचारलं, "मग माय एवढं ओरडली, तरी आजी सरकली न्हाई?"

"ओरडली कुठं?" भागुबाई म्हणाली. "सहा वर्षांचं लेकरू. झाड येताना आमी दोघींनीबी पाहिलं. मी पळाले. ती जागीच उभी राहिली. तोंड उघडलं तिनं, पण आवाजच फुटला न्हाई."