घरचं पत्र

व्हिसाच्या कचेरीत दुभाषी बाईंनी पाकीट फोडलं आणि समोर बसलेली ती खुर्चीत पुढे सरकली. आतून चांगले तीन कागद निघाले. तिच्या मुलाने उभ्या आयुष्यात एका दमात तीन पानं लिहिली नव्हती. परीक्षेतसुद्धा पुरवणी मागायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही.

टेबलापलीकडे साहेब पेनाच्या टोपणाची उघडझाप करत होते. तिच्या शेजारी मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे शिंपी. दुकानातून तसेच उठून आले होते, गळ्यातली टेप काढायचंही भान राहिलं नव्हतं. तुम्ही मध्ये एक अक्षर बोलायचं नाही, असं साहेबांनी त्यांना आधीच बजावलं होतं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंगवणारा माणूस हाताची घडी घालून गप्प बसला होता.

ती या देशात पाहुणी म्हणून आली आणि मास्तरांच्या दुकानावरच्या दीड खोलीत राहू लागली. सहा महिने कसे गेले कळलं नाही. लग्नाला दोघांची ना नव्हती, पण मास्तरांचा घटस्फोट तीन वर्षं कोर्टात लोंबकळत होता. लग्न नाही, म्हणून कागदोपत्री ती पाहुणीच. पाहुणीने मुदत संपली की जायचं, नाहीतर वाढवून मागायची. आणि गंमत बघा, राहायला मिळावं म्हणून आपण परत जाणारच आहोत हे आधी पटवून द्यायचं. त्यासाठी घरच्यांचं पत्र लागतं, तेही बंद पाकिटात, थेट कचेरीच्या पत्त्यावर.

घरचं म्हणायला तिला एकच माणूस होता. आणि मास्तरांचं नाव घरात निघाल्या दिवसापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. "त्या माणसाकडे जायचं असेल तर जा. पण मग मला मुलगा म्हणू नकोस," हे त्याचं शेवटचं वाक्य. त्याला दोन वर्षं झाली. ती निघाली तेव्हा तो दारापर्यंतही आला नाही. सून अधूनमधून फोन करायची, तोही चोरून.

महिन्यापूर्वी लाज गुंडाळून ठेवून तिने त्याला फोन लावला. "साहेबांना दोन ओळी लिहून पाठव रे. माझ्याबद्दल चांगलं लिही." चांगलं म्हणजे नेमकं काय, ते सांगायला तिची जीभ रेटली नाही. आई परत येणार आहे, आम्ही वाट बघतोय, असं लिही म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार? पलीकडून "बघतो" एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

कचेरीची रीत अशी, की पत्र आधी अर्जदाराला तिच्या भाषेत वाचून दाखवायचं, मग साहेबांना त्यांच्या. दुभाषी बाईंनी चष्मा नाकावर बसवला.

"साहेब, मी त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षं मी आईशी बोललो नाही. चूक माझी होती. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. तेव्हापासून तिने माझ्यासाठी काय काय केलं ते लिहायला बसलो तर कागद पुरणार नाहीत. पण या सगळ्या वर्षांत मी तिला पोटभर हसताना पाहिलं नव्हतं. परवा बायकोने एक फोटो दाखवला. दुकानाच्या पायरीवर मास्तरांशेजारी बसून आई हसत होती. साहेब, तिला परत पाठवू नका. तिची खोली आम्ही आता मुलीला अभ्यासाला दिली आहे. आम्ही तिची वाट बघत नाही. तिने तिथेच राहावं, सुखात राहावं, आमची काही हरकत नाही. मास्तरांना माझा नमस्कार सांगा."

ती ढसाढसा रडली. कचेरी आहे, लोक आहेत, कशाची पर्वा तिला उरली नाही. किती आनंद झाला ते तिला सांगताही आलं नसतं. मास्तरांनी डोळे पुसायला रुमाल चाचपला, हाताला टेप लागली, त्यांनी त्या टेपनेच पुसले.

दुभाषी बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तीच तीन पानं साहेबांना सांगितली, वाक्याला वाक्य जोडून, काही न गाळता. साहेबांच्या टोपणाची उघडझाप थांबली. ते थोडकंच बोलले. वाईट माणूस नव्हता, नियमाचा होता.

"साहेब विचारतायत," दुभाषी बाई म्हणाल्या, "हा मजकूर खरा आहे का? खरा असेल तर तुमची कोणी वाट बघत नाही, तुम्हाला परत जायचंच नाही, असा अर्थ होतो. मग अर्ज आजच नामंजूर आणि आठ दिवसांत देश सोडायचा. खरा नसेल तर तसं सांगा. हे पत्र बाद करतील आणि दुसरं मागवायला पंधरा दिवस देतील."

मास्तरांनी तोंड उघडलं, साहेबांनी बोट वर केलं, त्यांनी पुन्हा मिटलं. तिने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. तेच तिरकं अक्षर. पोरगा कामावरून आल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसला असेल, कुणाला काही न विचारता. आपण आईचं काम केलं, म्हणून आज तिकडे खुशीत असेल. त्यातला एकही शब्द तिला बदलून नको होता. एवढ्याचसाठी तर ती दोन वर्षं फोनकडे डोळे लावून बसली होती.

तिने पदराने तोंड पुसलं आणि साहेबांकडे सरळ बघितलं.

"खोटं आहे, साहेब," ती म्हणाली. "माझा मुलगा असं कधी लिहिणारच नाही."