हयात भाडेकरू

मांडव्याच्या जेट्टीवर परेश तोंडाला रुमाल लावून उतरला. कॅटमरान बोटीनं त्याचं पोट पार ढवळून काढलं होतं.

"तुमच्या नानांना मुंबईत काय त्रास होता, झियानभाई?"

"हवा बदलायला आलेत," झियान म्हणाला.

हवा बदलून सहा वर्षं झाली होती. करमअली नाना, म्हणजे झियानच्या बायकोचे आजोबा, मुरुडच्या कब्रस्तानात दर्याकडच्या भिंतीला लागून निवांत होते. डोंगरीतल्या पागडीच्या खोलीच्या भाडेपावतीवर मात्र ते दर महिन्याला हयात असत. भाडं दोनशे चौदा रुपये. समोरच्या टॉवरमध्ये तेवढ्या पैशात वॉचमन वर मान करूनही बघत नसे. नाना गेल्याचं कळलं की खोली मालकाची, आणि झियान, बायको काशिफा, दुसरीतली मुलगी मंतशा हे सगळे कल्याणच्याही पलीकडे कुठेतरी. तेव्हा घरात एकमतानं ठरलं, की नाना गेले नाहीत. मुंबईत स्वस्तात राहायचं तर घरात एखादा माणूस तरी दीर्घायुषी असावा लागतो.

कागदावर नानांनी नव्वदी ओलांडली, तसा चाळमालक शेठला संशय आला. त्यानं भाडेवसुलीच्या परेशला पिटाळलं. झियाननं व्हिडिओ कॉल सुचवून पाहिला होता.

"त्यात हल्ली मेलेली माणसंही बोलतात," परेश म्हणाला. "शेठ म्हणाले, हात लावून बघून ये."

अलिबागहून एसटी मिळाली. परेश डुलक्या घेत होता आणि झियान मनात उजळणी करत होता. मुरुडच्या मोहल्ल्यात नानांच्या वयाचे चौघे होते, पण मय्यत झालेल्याच्या नावाला 'हां' म्हणायला एकही राजी होईना. "मौतीच्या फरिश्त्यानं तीच हाक ऐकली म्हणजे?" एकानं सरळ विचारलं. शेवटी नाना व्हायला माणगावचे धर्माजी ठरले. तीस वर्षं जत्रेच्या नाटकांत म्हाताऱ्या राजांची कामं करत होते. झियाननं त्यांना पाहिलं नव्हतं, सगळं फोनवरच झालं. सकाळच्या एसटीनं यायचं, मागच्या दारानं आत शिरायचं, गोधडी ओढून पडायचं. खोकायला हरकत नाही. बोलायचं कमी.

नानांचं मुरुडचं घर बाहेरून बंद, आत अंधार. झियाननं कुलूप काढून मधल्या खोलीत डोकावून पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. खाटेवर गोधडी होती, आणि गोधडीखाली माणूस होता.

"सलाम, नाना. शेठकडून पाहुणे आलेत."

"बसव त्यांना."

आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. झियान खूश झाला. पैसे वसूल.

परेश खाटेजवळ टेकला. खोलीत कापराचा वास भरून राहिला होता. धर्माजी सर्दीवर कापूर चोळून आले असणार, झियाननं ठरवलं. त्यानं चहा आणून ठेवला. गोधडीतून हात काही बाहेर आला नाही.

"ओळखलंत का मला?" परेशनं विचारलं.

"रावजीचा पोरगा तू. तुझा बाप चौथ्या पायरीला अडखळायचा. दर महिन्याला."

परेश चमकला. हे झियाननं शिकवलेलं नव्हतं. पण मग त्यानं स्वतःला समजावलं, की जुन्या चाळीत प्रत्येकाचा बाप कुठल्या ना कुठल्या पायरीला अडखळलेला असतोच. नाव स्टँडवर कोणाकडून तरी काढलं असेल. नाटकवाला माणूस.

परेशनं हात पुढे केला. गोधडीच्या कडेतून बोटं आली, परेशनं धरली आणि पटकन सोडली.

"फार गार पडलेत हो."

"वय," झियान म्हणाला.

"हयात आहेत, ते लिहितो," परेश फाइल उघडत म्हणाला. "पण भाई, नुसतं हयात असून भागत नाही. भाडेकरू स्वतः खोलीत राहत नसेल तर शेठ कोर्टात जाणार. मी काय लिहू?"

खाट करकरली.

"लिही. करमअली आजपासून राहायला येतो. चावी आहे माझी."

परेशनं भिंतीकडे पाहिलं. खिळ्यावर पितळी चावी लटकत होती. डोंगरीच्या दाराच्या दोनच चाव्या होत्या. एक मुंबईत काशिफाच्या पर्समध्ये, दुसरी नानांची, सहा वर्षं इथं.

"मग माझी तक्रारच नाही," परेश उठला. "नानांचा आवाज अजून खणखणीत आहे हं!"

त्याला स्टँडवर अलिबागच्या गाडीत बसवून झियान जवळजवळ उड्या मारत परतला. धर्माजींना ठरल्यापेक्षा दोनशे जास्त द्यायचे, असं त्यानं वाटेतच ठरवलं.

खाट रिकामी होती. गोधडीची चौकोनी घडी. चहावर साय धरलेली. मागचं दार लोटलेलं.

आणि खिळ्यावर चावी नव्हती.

"नाटकवाले ते नाटकवालेच!" झियान वैतागून पुटपुटला आणि त्यानं फोन लावला. "धर्माजीबुवा, पैसे न घेता कुठं निघालात? आणि आमची चावी कशाला नेली?"

"कसली चावी, बाबा?" पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "सकाळपासून माणगाव स्टँडवर उभा हाय मी. मुरुडची यष्टी आलीच न्हाय. तुजा फोनपन लागत न्हवता. पावना आला काय रं?"

झियाननं फोन बंद केला. तो लगेच हातात वाजला. घरचा नंबर.

"अब्बा," मंतशा कुजबुजत होती, "तुम्ही तर मुरुडला ना? अम्मी माझ्याजवळ बसलीय. मग आपल्या दाराला बाहेरून चावी कोण लावतंय?"